धर्मादा खाते कोठे बसवावे?
चोपडीपासून संगणकापर्यंत खात्यांच्या जुळणीची वाटचाल

जुन्या व्यापारी पेढीची लाल कापडी बांधणीची खतावणी उघडली, की तीत आसामींची खाती दिसतात, मालाची खाती दिसतात, व्याजखाते, हमालीखाते, घरखर्चखाते दिसते. आणि या सर्वांच्या सोबतीने, कोठेतरी मधल्याच पानावर, एक धर्मादा खाते दिसते. मालाच्या पट्टीत तोलाई, हमाली, दलाली यांच्या ओळीतच ‘धर्मादा’ म्हणून अल्पशी रक्कम गिऱ्हाइकाकडून घेण्याची प्रथा व्यापारी पेठांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली. ती रक्कम पाणपोई, पांजरापोळ, धर्मशाळा, पाठशाळा अशा कामी लागावयाची. रक्कम गिऱ्हाइकाची, हात व्यापाऱ्याचा आणि हक्क तिसऱ्याचाच, असा हा पैसा होता. तो पेढीच्या नफ्यात मिसळू द्यावयाचा नाही, हे मुनीम वा दिवाणजी यांना कोणी कायद्याच्या पुस्तकातून शिकविले नव्हते. ते नित्यनेमाने खतावणी करताना त्या रकमेला तिच्या पानावर नेऊन बसवीत असत.

आज हेच काम संगणकात एकदाच आणि आगाऊ केले जाते. हिशेबाची प्रणाली बसविताना प्रत्येक खाते कोणत्या गटात जाईल आणि तो गट ताळेबंदाच्या किंवा उत्पन्न-खर्च पत्रकाच्या कोणत्या ओळीत उमटेल, हे ठरवून द्यावे लागते. या कामाला संगणकाच्या परिभाषेत मॅपिंग म्हणतात. मराठीत त्यास खात्यांची जुळणी म्हणता येईल. बाहेरून पाहता हे काम तांत्रिक वाटते आणि म्हणूनच ते बहुधा प्रणाली बसविण्यास आलेल्या तंत्रज्ञावर सोपविले जाते. वास्तविक जो निर्णय पूर्वी दिवाणजी दररोज लेखणीने घेत असत, तोच निर्णय येथे एका दुपारी कायमचा घेतला जातो. तो कोणी घ्यावा, हा प्रश्न म्हणूनच दुर्लक्षिण्याजोगा नाही.

देशी नाम्याची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. रोजची नोंद कीर्दीत किंवा रोजमेळात, आणि तेथून खतावणीत, असा तिचा क्रम. रोकड आली की ती डावीकडे, जमेच्या बाजूस, देणाऱ्याच्या नावाने लिहावयाची आणि खतावणीतही त्या नावाच्या जमेलाच न्यावयाची. रोकड गेली की नावे टाकावयाची आणि नावेच खतवावयाची. बाजू बदलावयाची नाही. पाश्चात्त्य पद्धतीत मात्र रोकडवहीच्या डाव्या बाजूची नोंद खात्याच्या उजव्या बाजूस जाते. महाविद्यालयातून इंग्रजी पद्धत शिकून आलेला मुलगा आजोबांची चोपडी हाती घेताच गोंधळतो तो येथेच. वहीच्या कागदावर रेघा नसत. कागदाला घड्या घालून सळ पाडलेले असत. पहिल्या सळात मुख्य रक्कम लिहीत, तिला सिरा म्हणत. पुढील सळांतून तिचा तपशील देत, तो पेटा. गट आणि त्याच्या पोटातील खाते ही कल्पना आपल्याकडे संगणकाने आणली, असे मानणाऱ्यांनी सिरा आणि पेटा यांच्याकडे एकवार अवश्य पाहावे.

महाराष्ट्रात या शास्त्राला राज्यकारभाराचीही जोड मिळाली. मेस्तक नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोथ्यांतून कारकुनी लेखनाचे नियम सांगितले जात. पेशवाईच्या दप्तरात रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द नित्याचे आहेत. आजचा मराठी हिशेबनीस ट्रायल बॅलन्सला तेरीज आणि बॅलन्स शीटला ताळेबंद म्हणतो, तेव्हा तो नवे प्रतिशब्द बनवीत नसतो. मोडी दप्तरातलेच शब्द वापरीत असतो.

युरोपात दुहेरी नोंदीचा स्पष्ट पुरावा जेनोआ नगराच्या १३४० सालच्या हिशेबांत मिळतो. ही पद्धत छापील ग्रंथात प्रथम विस्ताराने आली ती १४९४ मध्ये, व्हेनिस येथे. ग्रंथकार लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन पंथाचा साधू आणि गणितज्ञ. टाचणवही, रोजनामा आणि खातेवही अशा तीन वह्या त्याने सांगितल्या आणि वहीचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा, असेही बजाविले. चोपडीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ आणि ‘शुभ-लाभ’ लिहिणाऱ्यांना यात परके असे काही वाटणार नाही. तथापि पाचोलीच्या खातेवहीतही खात्यांना ठरीव गट नव्हते. माणसे, माल आणि व्यवहार यांची खाती जशी लागतील तशी उघडावयाची आणि ती सापडावीत म्हणून आद्याक्षरांची सूची करावयाची, एवढेच.

गटांची सक्ती पुढे आली ती बाहेरच्या माणसाला हिशेब दाखविण्याची वेळ आली तेव्हा. आपल्या वहीत कोणते खाते कोठे आहे, हे मालकाला ठाऊक असते. भागधारकाला, सरकारला किंवा देणगीदाराला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९०६ च्या कायद्याने आंतरराज्य वाणिज्य आयोगाला रेल्वे कंपन्यांवर एकसारखी हिशेबपद्धती लादण्याचा अधिकार मिळाला, कारण भाड्याचे दर न्याय्य आहेत की नाहीत हे पाहावयाचे तर सर्व कंपन्यांचा खर्च एकाच मापाने मोजला गेला पाहिजे. जर्मनीत ऑयगन श्मालेनबाख या प्राध्यापकाने १९२७ मध्ये खात्यांचा दशमान आराखडा मांडला. शून्य ते नऊ असे वर्ग, प्रत्येक वर्गाच्या पोटात पुन्हा दहा उपविभाग. खात्याला नावाऐवजी अंक मिळाला तो या विचारातून, आणि पुढे संगणकाला हाच अंक सोयीचा ठरला.

भारतात कंपन्यांसाठी १९५६ च्या कंपनी कायद्याच्या सहाव्या परिशिष्टाने ताळेबंदाचा नमुना घालून दिला. २०१३ च्या कायद्यात तेच काम तिसऱ्या परिशिष्टाकडे आले. परंतु धर्मादा खात्याची कहाणी यापेक्षा निराळ्या मार्गाने गेली आहे आणि ती अधिक उद्बोधक आहे.

१८९९ मध्ये मुंबई इलाख्यातील एका मृत्युपत्राच्या दाव्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने असा निर्णय दिला, की केवळ ‘धरम’ या हेतूने ठेवलेली रक्कम कायद्याने टिकू शकत नाही. कारण हा शब्द अतिशय व्यापक आणि अनिश्चित आहे. ज्या शब्दाचा अर्थ येथील लहानसा दुकानदारही जाणत होता, तो शब्द साता समुद्रांपलीकडील न्यायमूर्तींना संदिग्ध वाटला. याचे निराकरण व्हावयास अर्धशतक लागले. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० (ज्याच्या नावात पुढे मुंबईऐवजी महाराष्ट्र आले) याच्या दहाव्या कलमात स्पष्टीकरण घालण्यात आले, की धर्म, धर्मादा, पुण्यदान किंवा पुण्यकार्य अशा हेतूंसाठी निर्मिलेला न्यास केवळ अनिश्चिततेच्या कारणावरून रद्दबातल ठरणार नाही. त्याच अधिनियमाचे चौपन्नावे कलम तर सरळ व्यापाऱ्याच्या वहीतच शिरते. व्यापाराच्या रूढीनुसार धर्मादा म्हणून आकारलेली रक्कम ती घेणाऱ्याकडे विश्वस्त या नात्यानेच राहील आणि तिचा हिशेब वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास सादर करावा लागेल, असे ते सांगते. दिवाणजींचा संकेत अशा रीतीने कायदा झाला.

तरीही प्राप्तिकराच्या दृष्टीने हा पैसा व्यापाऱ्याचे उत्पन्न की देणे, हा वाद चालूच राहिला. अखेर बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की धर्मादा म्हणून गिऱ्हाइकाकडून घेतलेली रक्कम आरंभापासूनच धर्मकार्यासाठी वेगळी असते. ती विक्रीच्या किमतीचा भाग नव्हे आणि म्हणून व्यापाऱ्याचे उत्पन्नही नव्हे. न्यायालयाची भाषा बाजूला ठेवली, तर हा सारा वाद धर्मादा खाते उत्पन्नाच्या बाजूला बसवावे की देण्याच्या, या एका जुळणीचाच होता.

अधिनियमाखालील १९५१ च्या नियमांनी न्यासांना आणखी एक शिस्त लावली. ताळेबंद आठव्या परिशिष्टाच्या आणि उत्पन्न-खर्च पत्रक नवव्या परिशिष्टाच्या नमुन्यात असावे, असे ठरले. आठव्यात न्यासाचा कायम निधी प्रथम, त्यानंतर विशिष्ट हेतूंसाठी राखलेले निधी, मग कर्जे आणि देणी. नवव्यात मिळकतींवरील खर्च निराळा, आस्थापना खर्च निराळा, कायदेशीर खर्च आणि हिशेब तपासणीचे शुल्क निराळे. आणि शेवटी न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च, तोही धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय साहाय्य, दारिद्र्यनिवारण आणि अन्य धर्मादाय अशा पाच विभागांत. संगणक येण्यापूर्वी वहीतील खाती या नमुन्यात बसविण्याचे काम हिशेब तपासनीस मार्च अखेरीनंतर करीत. तेरीज समोर ठेवून प्रत्येक खात्यापुढे शिसपेन्सिलीने खूण करावयाची आणि मोठ्या कागदावर बेरजा मांडावयाच्या. त्याला ग्रुपिंग म्हणत. हे काम वर्षातून एकदा होई, जाणत्या माणसाच्या हातून होई आणि शंका आल्यास विश्वस्तांना विचारून होई.

संगणक आल्यावर हा क्रम उलटला. आरंभीच्या प्रणालींतून प्रत्येक खात्याला संकेतांक द्यावा लागे आणि अंकांची यादी टेबलावर ठेवून नोंदी कराव्या लागत. मोठ्या उद्योगांसाठी जर्मनीतील सॅप या १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने जी प्रणाली घडविली, तिचा पायाही खात्यांचा अंकबद्ध आराखडाच होता. भारतातील लहान व्यापाऱ्याला ही अंकांची भाषा मानवणारी नव्हती. बंगळूर येथे १९८६ मध्ये श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी पिउट्रॉनिक्स ही कंपनी सुरू केली. वडिलांच्या व्यवसायाला उपयोगी पडेल अशी हिशेबाची प्रणाली बाजारात मिळेना, म्हणून मुलाने ती स्वतः लिहिली, असा तिचा उगम सांगितला जातो. हीच पुढे टॅली म्हणून प्रसिद्ध झाली. तिचे वैशिष्ट्य असे, की तीत खात्याला अंक द्यावा लागत नाही. चोपडीप्रमाणे नावानेच खाते उघडते. २००६ च्या टॅली ९ या आवृत्तीत तर मराठी, गुजराती आदी भारतीय भाषांतून काम करण्याची सोय झाली. ‘ताळा’ आणि ‘टॅली’ यांचे ध्वनिसाम्य मात्र निव्वळ योगायोगाचे आहे; इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमधील काठीचा तुकडा या अर्थाच्या शब्दात आहे.

अंक गेले तरी गट राहिले. टॅलीमध्ये अठ्ठावीस गट तयार मिळतात; त्यांपैकी पंधरा मुख्य आणि तेरा उपगट. खरेदी, विक्री, प्रत्यक्ष खर्च, अप्रत्यक्ष खर्च, भांडवल, देणेकरी, घेणेकरी अशी त्यांची नावे पाहताच ते व्यापाऱ्यासाठी रचले आहेत हे ध्यानात येते. न्यासाला भांडवल नसते, निधी असतो. विक्री नसते, देणगी असते. तेव्हा न्यासाची खाती या गटांत जशीच्या तशी ओतली, तर ताळेबंद तयार होतो, परंतु तो न्यासाचा राहत नाही.

श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत सात क्षेत्रांची कल्पना आहे. जिनबिंब, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका ही ती क्षेत्रे. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रात या सात क्षेत्रांत धन पेरावे असे सांगितले आहे. वरच्या क्षेत्राचे द्रव्य खालच्या क्षेत्रात वापरावयाचे नाही, हा दंडक त्यातूनच पाळला जातो. इतर परंपरांत विभागणी निराळी असेल. पण दात्याने ज्या हेतूने दिले त्याच हेतूने खर्च व्हावे, याविषयी दुमत नाही. जुन्या वहीत देवद्रव्य, ज्ञानखाते, साधारण, जीवदया यांची पाने निराळी असत. एका पानावरून दुसऱ्यावर रक्कम नेणे हे डोळ्यांना दिसे. संगणकात ही चारही खाती ‘अप्रत्यक्ष उत्पन्न’ या एका गटाखाली टाकली गेली, तर वर्षअखेरीस चारही शिल्लका एकत्र होऊन उत्पन्न-खर्चाच्या वाढाव्यात विलीन होतात. पैसा कोणी खाल्लेला नसतो. बँकेत तो पैन् पै असतो. फक्त त्यापैकी कोणाचा किती, हे सांगता येत नाही.

याचे आर्थिक परिणामही होतात. अधिनियमाच्या अठ्ठावन्नाव्या कलमान्वये न्यासांकडून जे अंशदान दीर्घकाळ दोन टक्क्यांच्या दराने घेतले जात असे आणि ज्याच्या वसुलीला २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, त्याचे गणित नवव्या परिशिष्टाच्या ‘सी’ भागावरून होई. त्यात अन्य सार्वजनिक न्यासांकडून आलेल्या देणग्या, सरकारी अनुदाने, लौकिक शिक्षणावरील, वैद्यकीय साहाय्यावरील आणि जनावरांच्या औषधोपचारांवरील खर्च वजा मिळे. ज्या न्यासाने चारा आणि औषध या दोहोंना ‘जीवदया खर्च’ असे एकच खाते ठेवले, त्याला वजावटीचा आकडा काढण्यासाठी पुन्हा पावत्याच उलटाव्या लागत. आयकराच्या बाजूनेही तसेच. १९६१ च्या आयकर अधिनियमाने दात्याच्या विशिष्ट निर्देशासह मिळालेल्या कायम निधीच्या देणगीला सामान्य देणगीहून निराळी वागणूक दिली आणि २०२१ च्या वित्त अधिनियमाने तो निधी ठरवून दिलेल्या गुंतवणुकींतच निराळा ठेवण्याची अट घातली. कायम निधीची देणगी चुकून उत्पन्नाच्या गटात बसली, तर न्यासाचे उत्पन्न फुगते आणि त्यातील पंच्याऐंशी टक्के खर्च दाखविण्याचा भार नाहक वाढतो.

या चुका तेरजेत सापडत नाहीत, ही यातील खरी मेख आहे. आरंभीच्या शिल्लका भरताना बेरीज चुकली, तर टॅलीच्या ताळेबंदात फरकाची स्वतंत्र ओळ दिसते आणि हिशेबनीस सावध होतो. परंतु रक्कम बरोबर आणि गट चुकीचा असेल, तर ताळा चोख जमतो. दोन्ही बाजू समान येतात, कागद स्वच्छ छापला जातो आणि चूक वर्षानुवर्षे त्याच जागी राहते. पुढे कोणाच्या लक्षात येऊन गट बदलला, तर दुसरीच अडचण उभी राहते. गट ही खात्याच्या मूळ नोंदीतील गोष्ट असल्यामुळे त्याच माहितीसाठ्यातील मागील वर्षांची पत्रकेही नव्या गटानुसार दिसू लागतात. सर्वसाधारण सभेने मंजूर केलेला आणि धर्मादाय आयुक्तांकडे दाखल झालेला ताळेबंद एक सांगतो, आणि पडद्यावरचा त्याच वर्षाचा ताळेबंद दुसरेच सांगतो. चोपडीत शाईने लिहिलेले पान असे मागाहून बदलत नव्हते. टॅली प्राइमची बदलांची नोंद ठेवणारी आवृत्ती २०२१ मध्ये आली आणि कंपन्यांना अशी नोंद ठेवणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाले. तो नियम कंपन्यांपुरता आहे, पण न्यासाने स्वेच्छेने तो पाळण्यास कोणाची हरकत नाही.

म्हणून जुळणी संगणकापुढे बसून करावयाची नसते; ती आधी कागदावर करावयाची असते. ३१ मार्चची जुन्या वहीची तेरीज घ्यावी. पहिल्या रकान्यात वहीतील खात्याचे नाव, तेथील शब्दांतच, लिहावे. दुसऱ्यात आठव्या किंवा नवव्या परिशिष्टातील ज्या ओळीत ते जावयाचे ती ओळ, आणि त्यानंतरच तिसऱ्यात संगणकातील गट. हा क्रम महत्त्वाचा आहे. गट आधी पाहिला की मन तयार चौकटीकडे ओढले जाते. परिशिष्टातील पाच उद्दिष्टांचे पाच उपगट खर्चाच्या मुख्य गटाखाली मुद्दाम निर्माण करावेत. कायम निधी आणि राखीव निधी यांचे दोन स्वतंत्र गट करावेत आणि प्रत्येक निधीचे खाते त्याच्या नावाने उघडावे. ‘किरकोळ’ खात्याचे मात्र तेथेच विच्छेदन करावे. कारण त्यात काय काय दडले आहे हे सांगणारे जुने मेहताजी पुढील वर्षी भेटतीलच असे नाही. संशयित खाते, ज्याला टॅलीत सस्पेन्स म्हणतात, ते तात्पुरते वापरावे लागले तरी पत्रक पूर्ण होताना त्याची शिल्लक शून्य असावी. आणि ज्या खात्यांविषयी दात्याचा हेतू स्पष्ट नाही, अशांची निराळी यादी विश्वस्त मंडळापुढे ठेवून ठराव घ्यावा. तो निर्णय तंत्रज्ञाचा नव्हे, तसाच तो एकट्या हिशेबनीसाचाही नव्हे.

ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर नियमांत नियम १७ एए समाविष्ट झाला. न्यासांनी कोणत्या वह्या आणि नोंदी ठेवाव्यात हे त्यात प्रथमच तपशीलवार सांगितले गेले. कायम निधीच्या देणग्यांची नोंद, त्या कोठे गुंतविल्या याची नोंद, उत्पन्नातून झालेल्या विनियोगाची नोंद, ही सारी निरनिराळी असावीत. वह्या संगणकावर ठेवल्या तरी चालतील. आणि त्या संबंधित आकारणी वर्षाच्या अखेरीपासून दहा वर्षे जपून ठेवाव्यात, असे त्या नियमाचे म्हणणे होते. जुळणीच्या पत्रकाचे नाव त्या यादीत नव्हते. परंतु दहा वर्षांनी एखाद्या निधीची आरंभीची शिल्लक कोठून आली असे कोणी विचारले, तर उत्तर त्याच पत्रकात सापडते. त्याला चौथा रकाना जोडून जुन्या वहीचे वर्ष आणि पान लिहावे, तारीख घालून विश्वस्तांच्या सह्या घ्याव्यात आणि ते लाल वह्यांच्या त्याच कपाटात, शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानात ठेवावे.